सफेद संत्रा

दरेकशाच्या स्टेशनावर हेमराज मडावी उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर थर्माकोलचा डबा होता. तो डबा पाहून फलाटावरच्या एका बाईनं आपलं लेकरू झटकन पदराआड घेतलं. असले पांढरे डबे गावात फक्त सुई टोचणाऱ्या नर्सबाई आणतात, हे लेकरालाही ठाऊक होतं. त्यानं आधीच भोकाड पसरलं.

"सुई नाई वो बाई, बरफ हाय!" हेमराज म्हणाला.

"बरफ?" बाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "या थंडीत? डोस्क्यावर पडला का बे?"

बाईचं काही चुकलं नव्हतं. नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते, डोंगरातून असा गारठा उतरत होता की स्टेशनमास्तरसुद्धा कानाला मफलर गुंडाळून हिरवा झेंडा दाखवत होता. आणि हा गडी नागपूरहून येताना गोंदियाला गाडी बदलतो काय, तेवढ्या वेळात मासळीवाल्याकडून बर्फ काय घेतो, तो धानाच्या कोंड्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन येतो काय! पण हेमराजला त्या दिवशी कुणी वेडा म्हटलं असतं तरी तो हसला असता. तो खुशीत होता. धास्तावला होता, तरीही खुशीत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे लग्नाचं वय झालेल्या कुणालाही विचारा.

बर्फात मलईची दोन पाकिटं होती. खांद्यावरच्या पिशवीत नागपूरची संत्री होती, लिंबं होती, टॉवेलमध्ये गुंडाळलेली जिनची बाटली होती आणि तिच्याशेजारी स्टीलचा शेकर. हे सगळं एका माणसाला पाजण्यासाठी. त्या माणसाचं नाव बुधराम, आणि बुधरामच्या मुलीचं नाव चंचल.

हेमराज नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात बारच्या काउंटरवर उभा राहायचा. गावात तो "हॉटेलात हाय" एवढंच सांगायचा, आणि लोक समजायचे की पोट्टा भजी तळतो. पण त्याच्या हाताला खरोखर कला होती. थंडी पडली, नाताळ आणि एकतीस तारखेच्या पार्ट्या सुरू झाल्या, की हॉटेलात एकाच गोष्टीची मागणी यायची: जिन, संत्र्याचा रस, थोडं लिंबू, साखरेचा पाक आणि मलई, बर्फात घालून फेस येईपर्यंत हलवलेली. मेनूकार्डावर तिचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. नागपूरचे लोक म्हणायचे, "भाऊ, दोन सफेद संत्रा." मॅनेजरनं त्याला ऐन सीझनमध्ये सुट्टी दिली ती दातओठ खाऊन, आणि एकतीसच्या आत परत ये नाहीतर येऊच नकोस असं बजावून.

सुट्टी मंडईसाठी होती. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, आणि ज्या गावात मंडई त्या गावातल्या एकेका घरी इतके पाहुणे उतरतात की घरच्यांनाच निजायला जागा उरत नाही. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी. निम्म्या गावाची लग्नं कुठल्या ना कुठल्या मंडईत ठरलेली असतात.

हेमराजचं मात्र ठरत नव्हतं. महिन्यापूर्वी त्याचा मामा चैतराम बुधरामकडे बोलणं करायला गेला होता. चैतराम म्हणजे बोलका माणूस, दार बंद असलं तर खिडकीतून बोलेल असा. बुधराम रेल्वेलाईनीपलीकडच्या टोल्यावर, तिथल्या छोट्या वस्तीत, राहायचा. त्यानं चैतरामला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं,

"मोहाची गाळनारा जवाई चालते मले. पिऊन पडनारा बी चालते, उचलून आनू. पन ओतून देनारा नाई पायजे. जो येईन त्याले ओततो. नाव पुसत नाई, गाव पुसत नाई, खाली थेंब टाकत नाई. दारू काय नळाचं पानी हाय?"

चैतरामला मान डोलवावीच लागली. कारण बुधराम बोलत होता ते त्याच्याही घरचंच होतं. त्यांच्याकडे पळसाच्या पानांचा दोना हातात आला की पहिले थेंब जमिनीवर जातात, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन. मग उरलेली जिवंतांची. सोयरीकही अशीच ठरते. मुलाकडचा दोना मुलीच्या बापानं घेतला, थेंब टाकले आणि तोंडाला लावला, की झालं. नाही घेतला, तर तो विषय पुन्हा कुणी काढत नाही.

पण चैतराम उठता उठताही बोलणारा माणूस. "एक डाव त्याच्या हातचं पाहून तं घ्या," तो म्हणाला.

बुधरामनं विचार केला. "येऊ दे मंडईले. पन मोहाची नको. मोहाची तं माही बुडी माय बी गाळत होती. त्याची जे नागपूरची कला हाय, ते कर म्हना माह्यासमोर. घेईन तं घेईन, नाई तं नाई."

आणि बुधरामला घाईही नव्हती. देवरीकडच्या एका वनरक्षकाचं स्थळ चंचलसाठी येऊन बसलं होतं. सरकारी नोकरी, नवी मोटरसायकल, वर अंगात खाकी.

हे सगळं चंचलनं हेमराजला फोनवर सांगितलं होतं. ती सालेकशाच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, आणि दुकानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेली दोन वर्षं ती दोघं, हेमराज गावी आला की, भेटायची. "काय करनार हायस तू?" तिनं विचारलं होतं.

"संत्र्याचं एक हाय," हेमराज म्हणाला होता. "बाकी नाई सांगत. पाहजो तू."

सांगितलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण कलाकाराला मिजास असतेच.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं मागच्या पडवीत दुकान मांडलं. पुढच्या अंगणात पाहुण्यांची झुंबड होती. आई बायजाबाई चुलीपुढून हलत नव्हती. मंडईतल्या पाळण्याचा करकर आवाज आणि जिलेबीचा वास घरापर्यंत येत होता. चैतराममामा तेवढा मागे सटकला.

"दाखव बापा, काय करतं ते."

हेमराजनं जिनचं बूच उघडून मामाच्या नाकाशी धरलं.

"हात्तिच्या! हे तं सालईच्या डिकासारखं वासून राहिलं," मामा म्हणाला.

"आता पाहा. आंबट आन मलई एकाजागी आली का फाटते. म्हून पयले जिन, संत्रं, लिंबू बरफात गार करून घ्याचं. मलई शेवटी. आन मंग थांबाचं नाई." हेमराजनं शेकर बंद केला आणि खांद्यावर घेऊन असा हलवला की पडवीतल्या कोंबड्या उडाल्या. मामा तोंड उघडं टाकून पाहत राहिला. पेल्यात पडलं ते पिवळसर पांढरं, वर बोटभर फेस.

मामानं खाली थेंब टाकले, आपल्या बापाचं नाव घेतलं आणि घोट घेतला. मग डोळे मिटले. मिशीला पांढरा पट्टा लागला, त्याची शुद्ध नव्हती.

"हे तू रोज लोकाईले पाजतो?"

"रोज."

"आन मले आज!" मामाला खराखुरा राग आला होता. पेला चाटूनपुसून रिकामा झाल्यावरच तो राग गेला. "बुधरामची काय टाप हाय आता नाई म्हनाची! पोट्ट्या, हळद दळाले सांग तुह्या मायले."

हेमराजला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. दिवस मावळायच्या आधी बुधराम टोल्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन येणार होता. अजून दुपारही कलली नव्हती. सगळं हाताशी होतं.

तेवढ्यात मागच्या कुंपणातून चंचल आली. मावशीला बांगड्यांच्या दुकानात गुंतवून ती सटकली होती. केसांत मंडईतलं नवं क्लिप होतं, आणि धावल्यानं गाल तापले होते.

"दाखव न! काय हाय ते तुहं?"

हेमराजनं एखाद्या मांत्रिकाच्या थाटात डब्याचं झाकण उघडलं. चंचल वाकली. तिनं कोंडा बाजूला सारला, पाकीट उचललं, त्यावरचं गाईचं चित्र पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय हाय?"

"मलई."

"कोनासाठी?"

"कोनासाठी म्हंजे? तुह्या बाबासाठी!"

"हेमराज," ती हळूच म्हणाली, "तू माह्या बाबाले गाईचं दूध पाजून राहिला?"

त्याला कळेना यात बिघडलं काय.

"आमच्या घरी दूध काढत नाई," चंचल म्हणाली. "दूध वासराचं असते. बाबानं जलमात तोंडाले लावलं नाई. पाव्हना आला तरी कोरा चहा. मी टपरीवर कोरा चहा कायले पेतो, तुले काय वाटलं?"

हेमराजनं मान खाली घातली. "मले वाटलं... डायटिंग."

"डायटिंग!" चंचलला हसू आणि रडू एकदमच आलं. "दोन वर्ष तू मले डायटिंगवाली समजून राहिला!"

एरवी या गोष्टीवर दोघं पोट धरून हसली असती. आज हेमराजला हसू आलं नाही. तो पडवीच्या पायरीवर बसला. ही चूक नागपूरच्या कुणी केली असती तर माफ होती. पण त्याच्या स्वतःच्या आजोबाच्या घरीही दूध काढत नव्हते! त्याचा आता हयात नसलेला बाप केवलराम रेल्वेच्या गँगवर लागला, गँगवाल्यांबरोबर दुधाचा चहा प्यायला शिकला आणि ती सवय घरात आली. हेमराज तर दुधाच्या चहावरच वाढला. वासराचा वाटा ही गोष्ट त्यानं लहानपणी ऐकली असेलही, पण नागपूरच्या सहा वर्षांत ती कुठल्या कुठे गेली होती. आणि आता तो वासराच्या तोंडचा घास बर्फात घालून बुधरामसमोर ठेवणार होता. बुधरामचं काय चुकलं होतं मग? जो माणूस समोरच्याला काही न विचारता ओततो, तो हाच.

बायजाबाई पाणी न्यायला मागे आली ती दोघांची तोंडं पाहून थबकली. ऐकल्यावर तिनंही कपाळावर हात मारला. "मलेच आठोलं नाई रे! तुह्या बापामागं मी बी बाटलो."

"अरे, मंग मलई नको टाकू," मामानं तोडगा काढला. "संत्रं आन दारू. संपलं."

"ते तं कोनी बी करन, मामा. नुसतं आंबट पानी. त्यानं कला कर म्हटलं हाय." हेमराज चिडला होता, स्वतःवरच. "ते मऊ लागाले पायजे. जिभीवर बसाले पायजे."

मामा मंडईत गेला आणि पूजेच्या सामानाच्या दुकानावरून नारळ घेऊन आला. हेमराजनं तो खवला, पिळला, त्या दुधात जरा जिन आणि संत्रं घालून मामालाच चाखवलं. मामानं तोंड असं केलं की कोंबडीसुद्धा दूर सरकली.

"हे पोटात घ्याचं का केसाले लावाचं?"

चंचल खुदकन हसली, मग हसल्याबद्दल स्वतःवरच रागावली. बर्फ डब्यात टपटप गळायला लागला होता. अंगणातून कुणीतरी ओरडलं, की टोल्यावरची माणसं मंडईत दिसली म्हणून.

हेमराज उठून येरझारा घालू लागला. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पांढरी भाजी करतात ती कशानं घट्ट करतात? काजू. मगजबी, म्हणजे खरबुजाच्या बिया. वाटून, कापडातून गाळून. काजू इथं कुठून आणायचे? आणि मग तो जागच्या जागी थांबला.

"माय! चारोळी हाय?"

"सारी इकली न उन्हाळ्यात."

"सारी?"

बायजाबाईनं जरा आढेवेढे घेतले. मग उतरंडीतलं खालचं गाडगं काढलं. चाराच्या फळातल्या काळ्या टणक गुठल्या होत्या, आत चारोळीचा दाणा असलेल्या, न फोडलेल्या. "मंडईले काही गोड करू म्हून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "पन फोडाले दिवस जाते रे, बापा!"

दिवस कुठून आणायचा? पण माणसं होती. मंडईचं घर होतं, अंगण भरून पाहुणे होते! बायजाबाईनं जातं बाहेर काढलं आणि वरची तळी जराशी उचलून ठेवली, म्हणजे टरफल फुटेल पण आतला दाणा चिरडणार नाही. एकीनं दळायला घेतलं, दुसरी सुपात पाखडायला बसली, आणि ज्यांना जात्याशी जागा मिळाली नाही त्यांनी दगडांवर गुठल्या फोडायला सुरुवात केली. साडगावची आत्या, भजेपारचे व्याही, कुणाकुणाची पोरं, सगळी.

"पन कायले फोडून राहिलो आपन?" आत्यानं शेवटी विचारलं.

कुणी काही बोलणार नाही असं ठरलं होतं. पण चैतराममामाला ठरलेलं पाळता आलं असतं तर तो चैतराम कसला! "हेमराजच्या सोयरिकीसाठी!" त्यानं जाहीर करून टाकलं. "बुधराम इथं पेनार हाय आज!"

मग काय विचारता! अंगणाचा नूरच पालटला. आतापर्यंत उपकार म्हणून फोडणाऱ्या बाया आता ईर्षेनं फोडू लागल्या. फुटलेला दाणा जिच्या बोटाखाली चिरडला जाई तिला बाकीच्या शिव्या घालत. ज्यांना गुठली मिळाली नाही ते सल्ले द्यायला लागले. एका आजीचं म्हणणं पडलं की बुधरामचा बापही असाच खडूस होता, आणि तोही शेवटी प्याला होता. हेमराज संत्री सोलता सोलता पुन्हा पुन्हा मान वर करून अंगणाकडे पाहत होता. एवढी माणसं त्याच्यासाठी बसली होती! नागपुरात एवढ्या लोकांना त्यानं पाजलं, त्याच्यासाठी गुठली फोडायला कोण आलं असतं?

पाट्याशी चंचल बसली होती. तिनं परत जायला हवं होतं, मावशी शोधत असणार होती, पण ती गेली नाही. ओढणी कपाळापर्यंत ओढून ती चारोळी वाटत होती. आपल्याच सोयरिकीचं आपणच वाटायची वेळ गावात याआधी कुणा मुलीवर आली नसेल.

"बारीक वाट," हेमराज म्हणाला.

"मले शिकवू नको. डायटिंगवाल्यायच्या हातात जोर असते."

लगदा पाण्यात कालवून, स्वच्छ धोतराच्या फडक्यातून पिळला तेव्हा खालच्या गंजात, त्या खोल भांड्यात, उतरलं ते खरोखर दुधासारखं दिसत होतं, दाट आणि किंचित तेलकट. बोट बुडवून हेमराजनं चाखलं. गोडसर होतं. मऊ होतं! पण होतं किती? एका शेकरपुरतं. चाखून पाहायला, चुकायला, पुन्हा करायला काहीच उरत नव्हतं. आंबट पडल्यावर हे फाटेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. असं कुणी कधी केलंच नव्हतं.

"एकच डाव हाय," बायजाबाई म्हणाली.

"हव, माय."

सूर्य डोंगराच्या आड जाऊ लागला तेव्हा बुधराम आला. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर कांबळं. बरोबरचे दोन म्हातारे बाजेवर टेकले. बुधराम जमिनीवरच बसला. चंचल दाराच्या आड होती. अंगण कुंपणापर्यंत भरलं होतं, आणि मागची माणसं टाचा उंचावून पाहत होती. मंडईतल्या भोंग्यावर रात्रीच्या नाटकाची जाहिरात चालली होती.

हेमराजनं समोर पाट मांडला. शेकरमध्ये जिन ओतली. संत्र्यांचा रस पिळला. लिंबू, पण निम्मंच. पाकाऐवजी बायजाबाईच्या बाटलीतला मोहोळाचा मध. कोंड्यातून उरलासुरला बर्फ काढून धुतला. मूठभरच उरला होता. हे सगळं एकदा हलवून गार केलं. मग फडक्यानं झाकलेलं गंज उघडून चारोळीचं दूध आत सोडलं, झाकण लावलं आणि हलवायला सुरुवात केली.

आधी बर्फ खणखण वाजत होता. मग आवाज बारीक होत गेला. कुंपणावरची पोरं टाळ्या पिटायला लागली, आत्यानं त्यांना गप्प केलं आणि स्वतःच "हलव, हलव रे!" म्हणून ओरडली. हेमराजचे दंड भरून आले. थांबलो तर फाटेल, असं त्याला वाटत होतं, आणि थांबून पाहिलं नाही तर जीव जाईल, असंही वाटत होतं. शेवटी आत नुसता गार, जड आवाज उरला. तेव्हा त्यानं झाकण काढलं आणि पळसाच्या दोन्यात धार धरली.

फाटलं नव्हतं! धार सलग, रेशमासारखी पडत होती. रंग मलईच्या सफेद संत्र्यापेक्षा जरा सावळा होता, वर बारीक फेस होता. हेमराजला ओरडावंसं वाटलं. त्यानं दोना दोन्ही हातांनी पुढे केला.

बुधरामनं हात पुढे केला नाही. "पांढरं काऊन हाय?" त्यानं विचारलं.

"चारोळी हाय, काकाजी. दूध नाई."

"तुले कसं मालूम, मी दूध घेत नाई ते?"

चैतराममामानं बाजूनं डोळे मोठे केले. पोट्ट्या, सांग न, आम्हाला पहिल्यापासूनच मालूम होतं म्हणून! पण हेमराजला ते जमलं नाही.

"मालूम नव्हतं. मी मलई आनली होती. चंचलनं सांगतलं."

अंगणात कुजबुज झाली. एका म्हाताऱ्यानं मान हलवली, कशासाठी ते कळलं नाही. बुधरामनं खांद्यावरचं कांबळं सारखं केलं.

"मंग नागपूरले जाऊन जो येईन त्याले पुन्हा ओतशीन?"

"ओतीन. काम हाय माहं. खोटं कायले सांगू?" हेमराजचे हात दुखायला लागले होते, दोना खाली ठेवता येत नव्हता. आता जे व्हायचं ते होऊ दे असं त्याला वाटलं, आणि आवाज जरा चढलाच. "पन त्याईले मी मलईचं देतो. हे तुमच्यासाठी हाय. साऱ्या घरानं बसून फोडलं हाय. दुसऱ्या कोनाले देऊ म्हटलं तरी देता येत नाई, चारोळीच सरली!"

लोक हसले. बुधराम हसला नाही. पण त्यानं दोना घेतला.

घेतला, तरी अजून काही नव्हतं. तो फेसाकडे पाहत बसला. नाकाशी नेऊन वास घेतला. मग दोना कलता केला आणि जमिनीवर थेंब सोडला. "बाबा," तो म्हणाला, आणि आपल्या बापाचं नाव घेतलं. आणखी एक थेंब. चंचलच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं. दाराआड बांगड्या वाजल्या.

इथं थांबून प्यायचं असतं. आपल्या घरच्यांची नावं संपली की दोना तोंडाला लावायचा. दुसऱ्याच्या घरच्या गेलेल्यांना आपल्या थेंबात कुणी बोलावत नाही, ते सोयऱ्याचं काम. पण बुधराम थांबला नाही. त्यानं दोना पुन्हा कलता केला, या वेळी जरा जास्तच, आणि म्हणाला,

"केवलराम."

बायजाबाईनं पदर तोंडावर धरला. नवरा गेल्यापासून त्याचं नाव या अंगणात परक्या माणसानं असं जमिनीला सांगितलं नव्हतं. हेमराज आपल्या बापाचं नाव ओलं होऊन मातीत मुरताना पाहत होता.

बुधराम प्याला. एका दमात, डोळे उघडे ठेवून. मग ओठ पुसले.

"जरा आंबट हाय," तो म्हणाला आणि रिकामा दोना पुढे केला. "अजून दे."

अंगणात एकच कल्ला उठला. मामा कुणाच्या तरी गळ्यात पडला, आत्यानं सूप वाजवायला घेतलं, आणि मंडईतली माणसं काय झालं म्हणून कुंपणाकडे धावली. हेमराजनं शेकर उचलला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी दाटलं होतं, दोना कुठे आणि धार कुठे काही दिसत नव्हतं. उरलेला निम्मा सफेद संत्रा दोन्याबाहेर पडला आणि मातीत गेला. हेमराज घाबरला, शेकर सावरायला गेला.

बुधरामनं त्याचं मनगट धरलं.

"सांडू दे," तो म्हणाला. "खाली बी लय जन बसले हायेत."